बैल दोनदा बडवत नाहीत

एक लिटर पाणी प्यायचं, अर्धा तास लघवी धरून ठेवायची आणि मग यंत्राखालच्या टेबलावर निमूट पडून राहायचं. एवढंच काम. दुसरीतल्या पोराला सांगितलं तरी ते करील. पण काळुरामला ते एकवीस दिवसांत एकदाही धड जमलं नव्हतं, आणि बायजाच्या नाकी नऊ आले होते.

कधी तो खोपटच्या डेपोत एसटीतून उतरल्या उतरल्या मुतारीत शिरायचा आणि मग पाण्याची बाटली पुन्हा पहिल्यापासून. कधी शहाण्यासारखा पाणी पिऊन बसायचा, तर नेमकं त्याच दिवशी यंत्र बिघडायचं आणि हा बाकावर कधी या कुल्ल्यावर, कधी त्या कुल्ल्यावर असा डुलत बसायचा. नर्स विचारायची, "काका, भरलं का?" काका भिंतीकडे बघायचे. मग बायजाने सांगायचं, "भरलंय, बाय. लवकर घे, नायतर हितंच सोडतील." पासष्ट वर्षांच्या बाप्याच्या मुताचा हिशोब चार माणसांत बायकोने द्यायचा, ही काय रीत झाली?

मानपाड्याच्या नाक्यावरून ठाण्याची एसटी, खोपटहून रिक्षा, मग माजिवड्याच्या पुढचं ते नवंकोरं हॉस्पिटल. सोमवार ते शुक्रवार, रोज. पस्तीस दिवस शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा होता. घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने म्हणतात, त्यातलं शिंगरू म्हणजे आपण, याबद्दल बायजाला शंका उरली नव्हती.

दुखणं निघालं होतं सत्त्याण्णवच्या दिवाळीत. काळुरामची लघवी अडली, नळी घातली, तपासण्या झाल्या आणि कळलं की लघवीच्या वाटेवर जी गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात ती, तिला कॅन्सर झालाय. अजून अंगात पसरला नव्हता, पण गाठीच्या कडेपर्यंत आला होता. कापून काढायची वेळ गेली होती.

काळुरामने पहिली गोष्ट काय केली असेल, तर बायजाला शपथ घातली. गावात कुणाला सांगायचं नाही. लग्न होऊन कल्याणकडे गेलेल्या दोन्ही मुलींनासुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग गावाला काय सांगायचं? तर कंबरेला शेक द्यायला ठाण्याला जातो. झालं! गाव आगऱ्यांचं, सगळी एकमेकांची भावकी. आठ दिवसांत ओटीवर तेलाच्या सहा बाटल्या जमल्या. एक तर घोरपडीच्या तेलाची होती. शेजारची दगडाबाई रोज येऊन विचारायची, "चोलली का कंबर?" आणि बायजा रोज खोटं बोलायची. खोटं बोलण्याचं तिला एवढं वावडं नव्हतं, पण रोज नवं सुचत नव्हतं.

वर डॉक्टर निघाली बाई. चित्रा नाव तिचं, चाळिशीची, चष्मेवाली, बोलायला शांत. पहिल्या भेटीत तिने सगळं समजावून सांगितलं. काळुराम तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. अर्धा जन्म मिठागरात गेला होता, ती गुळणी त्याला चांगली जमायची. परक्या बाईसमोर या जागेबद्दल बोलायचं म्हणजे त्याच्या मते मेलेलं बरं. म्हणून डॉक्टर विचारायची काळुरामला, उत्तर द्यायची बायजा.

"पुरुषाच्या अंगात एक रस तयार होतो, मावशी," डॉक्टर चित्रा म्हणाली. "या गाठीचं ते खाणं आहे. त्याच्यावर ती वाढते. शेकाने आपण गाठ जाळणार आहोत. पण त्याच्या आधीपासून हे हार्मोनचं इंजेक्शन दिलं, की तो रस बनणं थांबतं आणि गाठ उपाशी पडते. दोन्ही मिळून चांगलं काम होतं."

बायजाने ते आपल्या भाषेत उतरवलं. "शेकानं ती जालतील, नि सुईनं तिचं पानी तोडतील. कललं?"

काळुरामने मान हलवली. पण त्याला जे कळलं ते वेगळंच होतं. एसटीत बसल्यावर, पार मुंब्रा मागे पडल्यावर तो बोलला, "म्हंजे मना बडवनार."

"सुई हाय ती," बायजा म्हणाली.

"तेच ते."

आता हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर बायजा हसली असती. पण काळुरामला काय सांगणार? गोऱ्हा तीन-चार वर्षांचा झाला की त्याला बडवतात, त्याचं वळूपण मोडतात, तेव्हा कुठे तो मानेवर जू घेतो. आणि मानपाड्यापासून शीळपर्यंत कुणाचाही गोऱ्हा बडवायचा असला की माणूस यायचा तो काळुरामकडे. सरकारी दवाखान्यात बडवायचा चिमटा आला तरी लोक इकडेच यायचे. त्याच्या हातचा एकही बैल कधी सडला नाही. आधी तो गोऱ्ह्याच्या तोंडात गुळाचा खडा द्यायचा, कपाळावरून हात फिरवायचा, मग चार माणसांकडून पाय बांधून घ्यायचा. पुढे काय करायचा ते बघायला बायका थांबत नसत. जमिनी कारखान्यांना आणि बिल्डरांना गेल्या, नांगर अडगळीत गेले, पण शर्यतीपुरते बैल गावात होते आणि काळुरामचा मानही होता. वळूपण गेलं की जनावराचं काय काय होतं, ते या माणसाला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत होतं. मान बारीक होते, अंगावर चरबीचं मांद येतं, डोळा मवाळ होतो, आवाज बसतो.

तरी त्याने पहिलं इंजेक्शन घेतलं. मरणाला भ्यायला होता म्हणून घेतलं. सुई जाडजूड, पोटाच्या कातडीत टोचायची, आणि दर अठ्ठावीस दिवसांनी घ्यायची. डॉक्टरने ते तीनदा सांगितलं. बायजाने दोनदा. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग सुरू झाले घाम. पौषाची थंडी, गाव शेकोटीला बसलेलं, आणि हा ओटीवर बंडी काढून सुपाने वारा घेतोय. छातीपासून एकदम भडका उठायचा, तोंड लालबुंद व्हायचं आणि अंगातून पाण्याच्या धारा. दिवसातून आठ-दहा वेळा. बायजाला यातलं नवीन काही नव्हतं. तिचे स्वतःचे घाम दहा वर्षांपूर्वी येऊन गेले होते, तेव्हा या माणसाने "काय नखरं लावलंस" म्हणून ऐकवलं होतं. आता तिच्या जिभेवर ते वाक्य आलं की ती गिळून टाकायची. सगळंच काही गिळलं गेलं नाही.

घाम परवडले, पण बाकीचं? दुपारी झोपला की उठायचा नाही. लेंग्याची नाडी पुरेनाशी झाली. छाती हुळहुळायला लागली, बंडीचं कापड लागलं तरी कळवळायचा. आणि रडायचा! ज्या माणसाने बापाच्या सरणापाशी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, तो भात करपला म्हणून रडला. सखाराम त्याचा चुलतभाऊ, शर्यतीचा मोठा शौकीन. त्याचा बैल शर्यतीच्या सरावात घसरून पडला. बैल उठून उभासुद्धा राहिला, पण काळुराम चाळीस माणसांत हमसून हमसून रडत होता. डोळ्यात माती गेली म्हणाला. घरी आल्यावर तीन दिवस बाहेर पडला नाही.

बायजा डॉक्टरकडे तक्रार घेऊन गेली. डॉक्टर म्हणाली, "घाम येतोय म्हणजे औषध काम करतंय, मावशी. त्रास फार झाला तर त्यावर गोळी देऊ, पण घाबरू नका." बायजाने ते लक्षात ठेवलं. ती शाळेत गेलेली नव्हती, म्हणून तिला सगळं लक्षातच ठेवावं लागायचं.

जानेवारीत शेक सुरू झाला आणि त्याच आठवड्यात दुसरं इंजेक्शनही होतं. काळुरामने खालच्या दुकानातून खोकं घेतलं, वरच्या मजल्यावर पुरुषांची इंजेक्शनची खोली होती तिकडे गेला. बायजा खाली पिशव्या सांभाळत बसली. थोड्या वेळाने तो उतरून आला आणि म्हणाला, "जालं." फेब्रुवारीत पुन्हा तसंच. "जालं."

शेकाने पोट बिघडलं, लघवीला आग व्हायला लागली, पण जानेवारी संपता संपता बाकीचा काळुराम हळूहळू जागेवर यायला लागला. घाम कमी झाले, मग थांबलेच. रडणं थांबलं. मिशीला पीळ आला. दगडाबाईच्या कोंबड्या अंगणात आल्या तर त्याने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि बायजाला ते ऐकून बरं वाटलं, म्हणजे बघा. एका संध्याकाळी ती मागच्या दारी निवट्या साफ करत बसली होती. काळुराम येऊन शेजारी बसला. तिचे हात माशांनी भरलेले, बट डोळ्यांवर आलेली. त्याने ती बट मागे सारली आणि हात तसाच तिच्या पाठीवर ठेवला. किती वर्षांनी! खोटं कशाला बोला, तिला आवडलं. निवट्या साफ करून झाल्या तरी ती उठली नाही.

तीन दिवस ती खुशीत होती. चौथ्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या तिच्या डोक्यात ती डॉक्टरची गोष्ट आली. घाम येतोय म्हणजे औषध काम करतंय. मग घाम गेला म्हणजे?

घरी आल्याबरोबर ती शोधायला लागली. तांदळाचा डबा, माळा, देवाची फळी. शेवटी पत्र्याची पेटी उघडली. त्यात काळुरामच्या जुन्या शर्यतीच्या जोडीच्या घुंगुरमाळा आणि झुली होत्या. झुलीच्या घडीत दोन खोकी निघाली. सीलसुद्धा तोडलेलं नाही.

काळुराम ओटीवर विडी ओढत होता. बायजाने दोन्ही खोकी त्याच्या मांडीवर आपटली. एरवी ती त्याला तुम्ही म्हणायची. राग डोक्यात गेला की तू.

"ह्ये काय हाय?"

काळुराम खोक्यांकडे बघत राहिला.

"वर जाऊन काय करत होतास? बोल नं!"

"बाकावर बसत होतू."

"कनाला?"

"गो बायजे," तो शांतपणे म्हणाला, जसा काही तीच अडाणी आहे, "बैल काय दोनदा बडवतात?"

बायजाला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. मग त्याचं तोंड बघून कळलं की नाही. एकदा बडवलं म्हणजे बडवलं. चाळीस वर्षांत त्याने कुठल्या बैलाला दुसऱ्यांदा आडवा पाडला नव्हता. पहिल्या सुईने घाम आले, मांद आलं, रडू आलं, म्हणजे काम झालं. गाठ उपाशी मेली. पुढच्या सुया म्हणजे दवाखान्यांचा धंदा. आणि मग घाम थांबले तेव्हा त्याने मनाशी धरलं की जखम भरून आली, बैलाची भरते तशी.

"भरून आली म्हंजे मिशीला पीलबी परत येतो काय? कुठल्या बैलाचा आला रे?" बायजाने विचारलं.

आपण डॉक्टरला का विचारलं नाही, ते काळुरामला ठाऊक होतं. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, आणि मग सुई घ्यावी लागली असती. विडी विझली होती ती तो तशीच ओढत राहिला.

बायजा आत गेली आणि चुलीपाशी बसून रडली. हा राग कुणाला सांगायचा? पाठीवरचा तो हात तिला हवा होता, आणि तिनेच आता त्याला उद्या ओढत डॉक्टरकडे न्यायचं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर चित्राने दोन्ही खोकी बघितली आणि चष्मा काढून डोळे चोळले. तीही कंटाळली असावी. दिवसभर अशीच माणसं.

"काका, हे इंजेक्शन अठ्ठावीस दिवस पुरतं. त्यानंतर अंग पुन्हा तो रस बनवायला लागतं. तुमच्या गाठीला जेवण परत सुरू झालंय."

काळुराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"माझीही चूक आहे," ती म्हणाली. "मी मावशींना सांगत राहिले. आता तुम्ही ऐका. नुसत्या शेकानेही गाठ जाऊ शकते. मी खोटं सांगणार नाही. पण तुमची गाठ कडेपर्यंत आलेली आहे, नुसत्या शेकावर सोडलं तर ती परत येण्याची भीती जास्त. इंजेक्शन बरोबर असेल तर ती भीती बरीच कमी होते. त्यासाठी निदान दोन वर्षं घ्यावं लागेल, कदाचित तीन. घाम येतील, थकवा येईल, वजन वाढेल. हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून रोज चालायचं. मन हळवं होईल. आणि नवरा-बायकोचं जे असतं, त्याची इच्छा राहणार नाही. औषध थांबवल्यावर यातलं बरंचसं परत येतं, पण तुमच्या वयाला सगळं येईलच असं वचन मी देत नाही."

"आनि नसंल घ्यायचं तं?" बायजाने विचारलं.

"नसेल घ्यायचं तर शेक पूर्ण करायचा आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासत राहायचं. तिसरा मार्ग छोट्या ऑपरेशनचा. तो रस जिथे बनतो त्या अंडाच्या दोन्ही गोळ्या काढून टाकायच्या. एकदाच. मग सुया नाहीत, पण ते कायमचं. सोमवारी सांगा. मला मावशींकडून नको, काका. तुमच्या तोंडून हवं."

एसटीत मिठाची गुळणी. कळवा गेलं, मुंब्रा गेलं, शीळफाटा आला. घरी आल्यावर बायजाचा बांध फुटला.

"काय ठरवलंव?"

"तीन वर्सं बैल होऊन जगन्यापरीस..." काळुराम म्हणाला आणि थांबला.

"बोला, बोला! मेलेलं बरं, असंच नं? तुमी मराल, सुटाल. तुमच्या मिशीसाठी माजं कपाल पुसू काय? आनि सांभालून ठेवलंव ते कनासाठी? धा वर्सं तं मी मधल्या घरात निजतंय नि तुमी ओटीवर!"

"परवा मागल्या दारी बसलू होतू," काळुराम हळूच म्हणाला. "तवा तू उठली नाय."

हा माणूस एरवी काही बघत नाही, आणि नको तेव्हा नेमकं बघतो. भांडणाला आलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडातच राहिली. तिने ताट वाढलं, त्याच्यासमोर सरकवलं आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हट्टाला पेटला असता, तेवढं तिला कळत होतं. पण न विचारता राहणं म्हणजे काय, ते तिलाच माहीत.

शनिवारी दुपारी सखाराम आला. मागे दोरीला एक गोऱ्हा, पांढराशुभ्र, वशिंड डौलदार, नाकातून फुरफुरणारा. अंगणात आल्या आल्या त्याने बायजाची तुळस शिंगावर घेतली.

"दादूस," सखाराम म्हणाला, "याला बडवायचा हाय. कंबर बरी असंल तं आजच करून टाक. पोरं बोलवतू मी."

बायजा दारात होती. मेल्याला आजच दिवस सापडला! ती काही बोलणार, तेवढ्यात काळुराम उठून गोऱ्ह्याजवळ गेला. त्याने कपाळावर हात ठेवला. गोऱ्हा दोन झटके देऊन उभा राहिला. काळुरामच्या हाताखाली जनावरं उभी राहायचीच.

"कनाला बडवतंस रं?" त्याने विचारलं.

सखाराम हसायला लागला. "ह्ये तू विचारतंस? खुट्याला राहत नाय. दावी तोडली चार. गाय दिसली का पलतं, जू ठेवलं का फेकतं. परवा दगडाबाईच्या नातवाला शिंग लागत होतं."

"चांगला हाय पर. बग नं कसा हाय."

"चांगला हाय तं काय करू? असाच ठेवला तं म्हयन्याभरात खाटकाच्या दारात जाईल. कोन पोसनार? बडवला तं पंधरा वर्सं माज्या घरात राहील." सखारामने दोरी हाताला गुंडाळली. "तूच सांगत होतास बाबाला माज्या. वलूला गाव पोसतं, बैलाला घर पोसतं."

काळुराम कपाळावरचा हात गळ्याखालच्या पोळीपर्यंत नेत राहिला. बायजाला वाटलं, आता हा सखारामला सगळं सांगतो की काय. सखारामला कळेना, तो एकदा बायजाकडे बघे, एकदा भावाकडे.

"सरकारी दवाखान्यात ने," काळुराम शेवटी म्हणाला. "चिमट्यानं लवकर होतं. माज्यानं नाय होनार."

"कंबर?"

"व्हय. कंबर."

मग तो आत आला, फळीवरच्या डब्यातून गुळाचा खडा घेतला आणि गोऱ्ह्याला भरवला. सखाराम गेल्यावर तो बराच वेळ तुळशीची माती नीट करत बसला. बायजाने बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.

सोमवारी काळुरामने खोपटच्या डेपोत न सांगता बाटली तोंडाला लावली. मुतारीकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरच्या खोलीत शिरल्यावर बायजा सवयीने पुढे झाली, तर त्याने तिला हाताने मागे सारलं.

"सुई द्या," तो म्हणाला. डॉक्टरकडे बघून म्हणाला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

डॉक्टर चित्राने लिहायचं थांबवलं. "नक्की, काका? विचार केलात?"

"केला."

"मग ऑपरेशनचाही केलात का? दर महिन्याचं येणं वाचेल तुमचं."

बायजाच्या डोळ्यांसमोर खोपटचा डेपो, रिक्षावाले, ते बाक आणि तीन वर्षांचे हेलपाटे उभे राहिले. "व्हय, व्हय," ती म्हणाली, "त्येच करा. एकदाच काय ते..."

"नाय," काळुराम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो थांबला नाही. "मी लई बैल बडवलं, डॉक्टरीन बाय. एकालाबी विचारलं नाय. चौघं धरायचं, पाय बांधायचं, नि मी करायचू. त्यांना कोन विचारतं? मना तुमी दर म्हयन्याला विचारा. घ्यायचं का? मी हो बोलेन. पर विचारा."

"विचारीन," डॉक्टर म्हणाली आणि तिने चिठ्ठी लिहिली.

बायजाला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. दर महिन्याला! दर महिन्याला हा रडेल, रुसेल, मिशीला हात लावून बसेल, आणि दर महिन्याला आपण श्वास रोखून बसायचं. छत्तीस वेळा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. या माणसाला सोपी वाट म्हणून कधी सापडायचीच नाही.

या वेळी ती वर त्याच्याबरोबर गेली. पुरुषांची खोली होती तर होती. नर्सने पोटाची कातडी चिमटीत धरली. काळुरामने डोळे मिटले नाहीत. झाल्यावर तो सदरा सावरत बाहेर आला आणि बाकावर बसला.

बायजाने पदराची गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता. सकाळी निघताना बांधलेला, काय उत्तर येणार ते माहीत नसताना. तिने तो त्याच्यापुढे धरला.

काळुरामने खड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मी काय बैल हाय?"

"खा गप."

त्याने खाल्ला. चघळता चघळता त्याचे डोळे भरून आले आणि एक थेंब मिशीवर ओघळला. बायजाने महिने मोजले होते, तिला आता ती सुई चांगली कळत होती. औषध चढायला अजून दोन-तीन आठवडे तरी होते. हे रडू सुईचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं.

त्याने तिचा पदर ओढून डोळे पुसले, चार माणसांत. तिने पदर सोडवून घेतला नाही. मग खालून नर्सने शेकासाठी त्याचं नाव पुकारलं, आणि काळुराम उठता उठता एकदम थबकला.

"बायजे," तो म्हणाला, "मना जोराची लागली."

"धरा," बायजा ओरडली. "धर आता, मेल्या!"